श्रमातील हृदयगती आणि हृदयविकाराची जोखीम

श्रम करताना हृदयाचे ठोके किती वाढतात आणि श्रम थांबल्यावर ते किती झपाट्याने उतरतात, यावरून हृदयविकाराच्या आणि अकाली मृत्यूच्या जोखमीचा अंदाज बांधता येतो. प्रौढ माणसाची बसल्या जागी नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० असते. जिना चढू लागताच आधी हृदयाला सावकाश ठेवणाऱ्या व्हेगस तंत्रिकेचा (मज्जातंतूचा) लगाम सैल पडतो, मग हृदयाला वेग देणाऱ्या अनुकंपी तंत्रिका आणि अ‍ॅड्रेनॅलिन हे संप्रेरक ठोके आणखी वाढवतात. थांबल्यावर हाच लगाम पुन्हा आवळला जातो. पहिल्या मिनिटातला उतार मुख्यतः व्हेगसच्या जोरावर होतो. म्हणून ते एक मिनिट या तंत्रिकेची परीक्षाच असते.

छातीत धडधडले की माणूस घाबरतो. पण निरोगी हृदयाने श्रमात धडधडायलाच हवे. ठोके पुरेसे न वाढणे हे अधिक चिंतेचे. वयानुसार अपेक्षित कमाल गतीच्या ८५ टक्क्यांपर्यंतही नाडी पोचली नाही, तर डॉक्टर त्याची दखल घेतात. मात्र रुग्ण दमेपर्यंत चालला होता ना, हे आधी पाहावे लागते. कमाल गती काढण्याचे ‘२२० वजा वय’ हे सूत्र सर्वांच्या तोंडी आहे, पण ते ढोबळ आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-वीस ठोक्यांचा फरक सहज पडतो. २००१ मध्ये सुचवलेले ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ हे सूत्र उतारवयात अधिक जवळ जाते.

ही मोजणी ट्रेडमिल चाचणीत होते; आपल्याकडे ती ‘टीएमटी’ किंवा ‘स्ट्रेस टेस्ट’ म्हणून ओळखली जाते. छातीवर ईसीजीच्या पट्ट्या चिकटवून रुग्णाला सरकत्या पट्ट्यावर चालवतात. अमेरिकन हृदयतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांच्या प्रचलित पद्धतीत सुरुवात ताशी २.७ किलोमीटर वेगाने आणि १० टक्के चढावर होते, आणि दर तीन मिनिटांनी वेग व चढ दोन्ही वाढतात. अहवाल हाती आला की घरचे विचारतात, ‘निगेटिव्ह आहे ना?’ हे उत्तर ईसीजीतल्या बदलांवरून मिळते. त्याच कागदावर कमाल गती आणि थांबल्यानंतरची गतीही बहुधा छापलेली असते. ती वाचली जात नाही, हे मोठे नुकसान आहे.

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९९ मध्ये २,४२८ प्रौढांच्या सहा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाचणीनंतर हळूहळू चालत असताना पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोके उतरले, तर तो उतार त्यांनी असामान्य मानला. असे लोक २६ टक्के निघाले. वय, औषधे, हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या स्कॅनमधील दोष, चालण्याची क्षमता या सगळ्यांचा हिशेब केल्यावरही त्यांच्या मृत्यूची जोखीम इतरांच्या दुप्पट भरली. चाचणी संपताच रुग्णाला आडवे केले, तर हा आकडा तसाच लावता येत नाही. आडवे पडल्यावर नाडी अधिक वेगाने उतरते.

पॅरिसमधील ४२ ते ५३ वयाच्या ५,७१३ नोकरदार पुरुषांचा २३ वर्षे पाठपुरावा झाला. कुणालाही आधी हृदयविकाराची लक्षणे नव्हती. बसल्या जागी नाडी ७५ च्या वर असणे, श्रमात ती ८९ ठोक्यांपेक्षा कमी वाढणे आणि पहिल्या मिनिटात २५ पेक्षा कमी उतरणे, या तिन्हींचा आकस्मिक मृत्यूशी संबंध २००५ च्या अहवालात दिसला. त्यातही सर्वांत ठळक होता तो अपुऱ्या वाढीचा.

एकट्या आकड्यावरून निदान मात्र होत नाही. रक्तदाबासाठी घेतलेली बीटा-ब्लॉकर औषधे ठोके वाढू देत नाहीत. म्हणून चाचणीआधी औषधाची माहिती द्यावी, आपल्या मनाने गोळी बंद करू नये. दीर्घकालीन मधुमेहात तंत्रिकांनाच इजा होते, त्यामुळे बसल्या जागी नाडी जलद राहते आणि श्रमाला मंद प्रतिसाद देते. शिवाय हे सरासरीचे मोजमाप आहे. क्लीव्हलँडच्या अभ्यासात उतार मंद असलेल्यांपैकी बहुतेक जण त्या सहा वर्षांत हयातच होते.

घरी मोजायचे तर भरभर चालून थांबताच अंगठ्याच्या रेषेत मनगटावर तीन बोटे ठेवावीत, १५ सेकंद ठोके मोजून चारने गुणावे, आणि एका मिनिटाने पुन्हा तेच करावे. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर मोजत न बसता तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी. हृदयविकाराच्या झटक्यानंतर देखरेखीखाली काही महिने व्यायाम केलेल्या अनेकांचा हा उतार सुधारलेला आढळला आहे.