आयपी फोन : लहान कार्यालयातील नेटवर्क-जोडणी

आयपी फोन दिसायला नेहमीच्या टेबलावरच्या फोनसारखाच असतो, पण तो टेलिफोनच्या तारेला न जोडता संगणकांच्या नेटवर्कला जोडतात. बोलणे आकड्यांत बदलून, त्याची लहान लहान पाकिटे करून तो इंटरनेटवरून पाठवतो. पाच-पंधरा माणसांच्या ऑफिसात असे फोन बसवताना फोनशी फारशी झटापट करावी लागत नाही. बहुतेक तक्रारींचे मूळ ऑफिसचे नेटवर्क इंटरनेटला जोडणाऱ्या राउटरमध्ये सापडते.

एका कॉलमध्ये दोन प्रवाह असतात. कोण कोणाला फोन करतो आहे, घंटी कुठे वाजवायची, कॉल कधी संपला हे निरोप ‘एसआयपी’ या नियमावलीनुसार जातात. तिचे आजचे रूप २००२ साली प्रसिद्ध झाले आणि तिचे नेहमीचे पोर्ट, म्हणजे निरोप आत-बाहेर जाण्याच्या दाराचा क्रमांक, ५०६० आहे. आवाज मात्र ‘आरटीपी’ या दुसऱ्या नियमावलीने, निराळ्या पोर्टांवरून जातो. त्यामुळे फोन वाजतो, उचललाही जातो आणि मग एका बाजूला नुसती शांतता, असा प्रकार घडतो. निरोप पोचलेला असतो, आवाजाची वाट अडलेली असते.

वाट अडते ती पत्त्यांमुळे. ऑफिसातल्या उपकरणांना राउटर १९२.१६८ने सुरू होणारे खासगी पत्ते वाटतो आणि फोन आपल्या निरोपात तोच पत्ता घालतो. बाहेरच्या, फोनसेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला त्याचा काही उपयोग नाही. पाकिटावर गावाचे नाव न घालता नुसते ‘मारुतीच्या देवळामागे’ लिहावे, तसेच हे. ही चूक सुधारण्यासाठी अनेक राउटरांत ‘एसआयपी एएलजी’ नावाची सोय असते, पण ती पुष्कळदा अर्धेच पत्ते बदलते आणि गोंधळ वाढवते. ती आधी बंद करावी आणि पत्त्याची दुरुस्ती सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर सोपवावी. आलेला कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल, तर संशय इथेच घ्यावा : फोन उचलल्याची पोच ऑफिसातल्या फोनपर्यंत परत येत नाही, आणि नियमावलीप्रमाणे अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट वाट पाहून फोन स्वतःच कॉल सोडतो. कॉल बाहेर जातात पण थोड्या वेळाने येईनासे होतात, ही दुसरी नेहमीची तक्रार. राउटरने रिकामी बसलेली जोडणी विसरून टाकलेली असते. फोनला दर अर्ध्या मिनिटाला एखादे हजेरीचे पाकीट पाठवायला लावले की ती टिकते.

वेगाची चिंता लोक उगीच करतात. जी.७११ पद्धतीने आवाज पाठवला तर एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ किलोबिट प्रतिसेकंद लागतात. पाच कॉल मिळून अर्धा मेगाबिटही होत नाही. खरी अडचण रांगेची आहे. कोणी मोठी फाइल वर चढवू लागला की आवाजाची पाकिटे तिच्यामागे खोळंबतात आणि शब्द तुटू लागतात. म्हणून आवाजाच्या पाकिटांवर ‘डीएससीपी ४६’ ही खूण करतात आणि राउटरला त्यांना पुढे सोडायला सांगतात. ऑफिसाबाहेरच्या इंटरनेटवर या खुणेला सहसा कोणी विचारत नाही, पण गर्दी बहुधा आपल्याच दारात होते, तेव्हा तेवढे पुरते.

फोनना पत्ते हाताने न देता डीएचसीपीने, म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याच्या पद्धतीने, द्यावेत. सेटिंगची फाइल कुठून घ्यायची हेही डीएचसीपीच्या ६६ क्रमांकाच्या पर्यायातून सांगता येते. फोनसाठी वेगळे व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवरचे निराळे नेटवर्क, करणे चांगले, पण चार फोनांसाठी त्याचा आटापिटा करण्यात अर्थ नाही. फोनला मागे वायर खोचायची दोन पोर्ट असतात : एक स्विचकडे, म्हणजे ऑफिसातल्या वायरी एकत्र जोडणाऱ्या डबीकडे जाणारे, दुसरे संगणकासाठी. झाडलोट करताना सुटलेली वायर कोणीतरी मदत म्हणून भिंतीत खोचतो, फोनची दोन्ही टोके एकाच स्विचला लागतात आणि माहिती गोल गोल फिरून सगळे ऑफिस बंद पडते. स्विचमध्ये असे वर्तुळ ओळखण्याची सोय असेल तर ती चालू ठेवावी.

फोनचा मूळ पासवर्ड बदलावा आणि ५०६० पोर्ट बाहेरच्या जगाला उघडे ठेवू नये. उघडी पोर्टे शोधणारे प्रोग्राम इंटरनेटवर अखंड फिरत असतात, आणि रविवारी रात्री भलत्याच देशांत झालेल्या कॉलचे बिल सोमवारी समजते. परदेशी कॉलची गरज नसेल तर ती सोय सेवा देणाऱ्याकडूनच बंद करून घ्यावी.

भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२पासून परवानगी मिळाली, मात्र देशातल्या साध्या फोनवर असा कॉल लावता येत नसे. परवानाधारक कंपन्यांना ती वाट २०१८मध्ये मोकळी झाली.

जुन्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजमधून मिळे, त्यामुळे दिवे गेले तरी फोन चाले. आयपी फोनला वीज ‘पीओई’ स्विचमधून, नेटवर्कच्याच केबलने देता येते. २००३च्या मानकाप्रमाणे स्विच प्रत्येक पोर्टला १५.४ वॉटपर्यंत देतो. मग स्विच आणि राउटर यूपीएसवर घेतले जातात, आणि इंटरनेट जिच्यातून येते ती भिंतीवरची फायबरची लहान डबी तेवढी साध्या प्लगवर राहते, म्हणजे दिवे गेले की फोनही गेला.