सात दिवसांत घर: नूतनीकरणाच्या कार्यक्रमांतून वेळ कसा गायब झाला

1962 साली बीबीसीने लंडनच्या ईलिंग भागात एक जुनं घर विकत घेतलं आणि ते बॅरी बकनेल यांच्या हाती दिलं. पुढचे 39 आठवडे ते घर प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत दुरुस्त होत गेलं. बकनेल त्याआधी घरच्या घरी करायच्या कामांचा कार्यक्रम थेट प्रक्षेपणात करत, त्यामुळे एखादी गोष्ट फसली तर तीही लोकांना दिसायची. त्यांचे सगळेच सल्ले चांगले होते असं नाही. जुन्या पॅनेलच्या दारांवर हार्डबोर्ड ठोकून ती सपाट करण्याच्या त्यांच्या सल्ल्यामुळे किती सुंदर दारं झाकली गेली, याची हळहळ ब्रिटनमध्ये अजून ऐकू येते. पण कामाला लागतो तेवढा वेळ त्यांनी कामाला दिला.

अमेरिकेत हीच वाट 'धिस ओल्ड हाऊस'ने धरली. 1979 मध्ये बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक वाहिनीवर तो सुरू झाला. पहिलं घर त्याच शहरातल्या डॉर्चेस्टरमधलं. निर्माते रसेल मोरॅश यांनी नॉर्म एब्रम हा सुतार कसा हेरला, ती गोष्ट मला फार आवडते: एब्रम त्यांच्या आवारात बांधकाम करत होते आणि काम संपल्यावर उरलेल्या लाकडी तुकड्यांचा ढीग अगदी लहान होता. मापात एवढा चोख असलेला माणूस कॅमेऱ्यासमोर आणावा, असं मोरॅश यांना वाटलं. एक घर अनेक भागांत दाखवायचं, भिंत उघडल्यावर निघालेली कुजकी तुळईही दाखवायची, ही त्या कार्यक्रमाची रीत होती.

मोठा बदल 1996 मध्ये आला. बीबीसीच्या 'चेंजिंग रूम्स'मध्ये दोन शेजारी एकमेकांच्या घरातली एक खोली बदलत. मुदत दोन दिवस, खर्च 500 पाउंड. इथून घर मागे पडलं आणि मालकांचा चेहरा पुढे आला. खोली उघडताना ते हसतात की रडतात, यासाठी लोक थांबू लागले. दोन दिवसांत सुकेल, चिकटेल, उभं राहील एवढंच काम मग करता येतं. म्हणून सगळीकडे एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंपासून दाबून केलेल्या स्वस्त फळ्या. एका भागात टांगत्या फळ्यांवर मालकिणीच्या जुन्या किटल्यांचा संग्रह ठेवला आणि रात्रीतून सगळं कोसळलं. त्या किटल्या सुमारे 6,000 पाउंडांच्या होत्या. घाईची किंमत पडद्यावर इतकी उघडी क्वचितच दिसली असेल. 2000 मध्ये याच कल्पनेवर अमेरिकेत 'ट्रेडिंग स्पेसेस' आला.

2003 च्या अखेरीस आलेल्या एबीसी या अमेरिकी वाहिनीच्या 'एक्स्ट्रीम मेकओव्हर: होम एडिशन'ने तर अख्खं घर सात दिवसांवर आणलं. ते घर खरंच उभं राहायचं, पण शेकडो कामगार आणि स्वयंसेवक रात्रंदिवस राबायचे म्हणून. साध्या घरमालकाच्या वाट्याला एक कंत्राटदार येतो आणि काँक्रीटची ताकद ओतल्यापासून 28 दिवसांनी मोजायचा रिवाज आहे. जिप्सम बोर्डाचे सांधे भरले की प्रत्येक हात सुकायला साधारण एक दिवस जातो, मग घासायचं, मग पुढचा हात, मग प्राइमर. या वाट पाहण्यात चित्रित करण्यासारखं काही नसतं, म्हणून ते कापलं गेलं. परवानग्या, तपासणी, न आलेल्या फरश्याही त्याच कात्रीत सापडल्या. पुढे काही कुटुंबांना त्या मोठ्या घरांचा कर आणि विजेची बिलं झेपेनात, काहींची घरं हातची गेली. भाग मात्र आनंदाश्रूंवर संपलेला होता.

ब्रिटनच्या 'ग्रँड डिझाइन्स'ने 1999 पासून उलट केलं. सूत्रधार केव्हिन मॅक्लाउड एकाच बांधकामावर वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ पुन्हा पुन्हा जातात. पैसे संपतात, पावसात छप्पर अडतं. या सगळ्या प्रकारात मला तोच सर्वांत प्रामाणिक वाटतो.

अमेरिकेत 1994 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या एचजीटीव्ही या वाहिनीने घर हाच चोवीस तासांचा विषय केला. तिथल्या 'हाऊस हंटर्स'मध्ये तीन घरांतून निवड करणाऱ्या एका सहभागी महिलेने 2012 मध्ये उघड केलं की तिच्या घराची खरेदी आधीच ठरलेली होती. वेळ वाचवण्यासाठी खरेदी बरीच पुढे गेलेली कुटुंबं घेतो, असं वाहिनीनेही मान्य केलं. टेक्सासमधल्या वेको शहरात चित्रित झालेल्या 'फिक्सर अपर'मध्ये शेवटी दिसणारं बरंचसं फर्निचर चित्रणापुरतं आणलेलं असे. हवं असेल तर मालकांनी वेगळे पैसे मोजायचे.

फर्निचरचं एक वेळ सोडून देता येईल. त्याच कार्यक्रमातल्या कामांचं चित्रण अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पाहिलं, तेव्हा शिशाच्या रंगाबाबतचे नियम पाळल्याचं त्यात दिसेना. अमेरिकेत घरांसाठी शिशाचा रंग 1978 मध्ये बंद झाला, पण त्याआधीच्या घरांच्या भिंतींवर तो असू शकतो. अशी भिंत फोडायची तर खोली प्लास्टिकने बंद करावी लागते, धूळ पसरू द्यायची नसते, कारण ती लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. 2018 मध्ये तडजोड झाली: कार्यक्रमाच्या सूत्रधारांच्या मॅग्नोलिया होम्स या कंपनीने 40,000 डॉलर दंड भरायचा, वेकोमधल्या घरांतलं शिसं काढायला 1,60,000 डॉलर खर्चायचे आणि कार्यक्रमातूनच लोकांना शिशाचा धोका सांगायचा. लाखो घरांत लोकांनी पाहिलेली ती घणाची तोडफोड पाहून आपली जुनी भिंत फोडायला निघालेल्या माणसाला ही खबरदारी पहिल्या भागापासून दिसायला हवी होती.