भंडाऱ्याचा पिवळा कुठे हरवतो?

चिंचलीच्या मायाक्कादेवीच्या यात्रेत भंडारा उधळला की माणसं, ढोल, रस्ता, सगळं हळदीनं माखतं. तिथले माझे फोटो बेळगावातल्या एका लॅबमध्ये प्रिंटला दिले. स्क्रीनवर झळाळणारा पिवळा कागदावर मळकट उतरला. मी शाईला दोष दिला. पण गफलत फाइलमध्ये होती.

डिजिटल फोटोत रंग नसतो, आकडे असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन, बहुधा ० ते २५५. चार पायल्या जोंधळे म्हटलं की जुनी माणसं विचारायची, कुठली पायली? माप गावागणिक बदलायचं. आकड्यांचंही तसंच. त्यांचं माप म्हणजे कलर स्पेस.

एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये साध्या मॉनिटरसाठी एसआरजीबी हे माप सुचवलं. १९९८ मध्ये अ‍ॅडोबी आरजीबी आलं. दोन्हींत लाल आणि निळ्याची टोकं, म्हणजे दाखवता येणारा सर्वांत गडद रंग, एकच; हिरव्याचं टोक मात्र अ‍ॅडोबीत बरंच पुढं. पिवळा लाल-हिरव्यातूनच बनतो, म्हणून त्यालाही थोडी जास्त जागा मिळते. माझी फाइल अ‍ॅडोबीची, लॅबच्या मशीननं ती एसआरजीबी समजून वाचली. मोठ्या पायलीचे आकडे लहान पायलीनं मोजले गेले, रंग फिका पडला.

फाइलचे आकडे कुठल्या मापाचे हे सांगणारी चिठ्ठी म्हणजे प्रोफाइल. इथं फोटो सॉफ्टवेअरमधल्या दोन आज्ञांची गल्लत फार होते. ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ आकडे बदलून रंग शक्य तितका राखते. ‘असाइन प्रोफाइल’ आकडे तसेच ठेवून त्यांचा अर्थ बदलते. लॅबला फाइल द्यायची तर पहिलीच हवी, आणि सेव्ह करताना प्रोफाइल फाइलला जोडलेलं हवं.

पण घाईनं एसआरजीबीत आणणंही बरं नाही. गडद पिवळ्यात निळ्याचा आकडा शून्याला टेकतो, हळदीचे कण पुसले जातात आणि नुसता सपाट डाग उरतो. छपाईची पिवळी शाई तर काही पिवळे एसआरजीबीपेक्षा गडद दाखवू शकते! म्हणून मी आता रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची माहिती जपणारे फोटो काढतो, १६ बिटमध्ये, म्हणजे रंगाच्या जास्त बारीक पायऱ्यांत, मोठ्या कलर स्पेसवर काम करतो, आणि माप शेवटी बदलतो. मॉनिटर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग बरोबर दाखवेल असा जुळवलेला हवा, हे सांगायला नकोच.

पुढच्या यात्रेनंतर लॅबकडून त्यांच्या कागदाचं प्रोफाइल मागून घेतलं. सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर रंग कसे दिसतील याची स्क्रीनवरची नक्कल, लावून पाहिलं, तर पिवळा कुठं कापला जातोय ते दिसलं. तेवढ्याच भागाचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, थोडं उतरवलं. प्रिंट हातात आली तेव्हा ढोलाच्या कातड्यावर बसलेल्या भंडाऱ्याचा कण न् कण दिसत होता.