ह्यूमिडॉर : हिवाळ्यातील आर्द्रता

सिगार, म्हणजेच चिरूट, साठवण्यासाठी वापरली जाणारी आणि आतली आर्द्रता ठरावीक पातळीवर राखणारी पेटी म्हणजे ह्यूमिडॉर. सिगारमधला ओलावा उडाला की बाहेरचे नाजूक वेष्टनपान तडकते, आतली भरण भरभर जळते आणि धूर घशाला झोंबतो. पानातली सुगंधी तेले एकदा उडाली की नंतर कितीही ओल दिली तरी परत येत नाहीत. ओलावा जास्त झाला तर सिगार ओढला जात नाही, सारखा विझतो आणि अखेर त्याला बुरशी धरते. म्हणून पेटीत ६५ ते ७२ टक्के सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावेल तेवढ्या बाष्पाच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेले बाष्प) आणि २१° से.च्या आसपास तापमान राखण्याचा प्रघात आहे. वर्षभर बिनबोभाट चालणारी पेटी थंड देशांत डिसेंबर-जानेवारीत हमखास कोरडी पडते.

दोष घरातल्या हीटिंगचा. ०° से.च्या हवेत घनमीटरमागे फार तर ४.८ ग्रॅम बाष्प मावते, तर २१° से.ला १८ ग्रॅमहून अधिक. शिकागो किंवा टोरांटोतली गोठणबिंदूची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असली, तरी ती घरात येऊन तापली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे २५ टक्क्यांवर येते. बाहेर उणे १० अंश असतील तर ती सुमारे ११ टक्क्यांपर्यंत घसरते. स्वयंपाक, अंघोळी आणि माणसांचे श्वास यांनी थोडी भर पडते, पण घर कोरडेच राहते. पेटीत ७० टक्के आणि खोलीत २५, अशी ही ओढ महिनोन्महिने, रात्रंदिवस चालू असते.

या ओढीत पेटीतल्या हवेला फारसे महत्त्व नाही, हे आधी समजून घ्यावे. पाच लिटर पोकळीच्या पेटीत ७० टक्के आर्द्रतेला हवेतले एकूण बाष्प भरते जेमतेम ०.०६ ग्रॅम. याउलट एक किलो कोरडे लाकूड ३० टक्के आर्द्रतेच्या हवेत साधारण ६० ग्रॅम पाणी धरते आणि ७० टक्के आर्द्रतेत सुमारे १३० ग्रॅम. म्हणजे पेटीचा खरा साठा तिच्या लाकडात असतो. झाकण उघडून एक सिगार काढल्याने जे जाते ते नगण्य असते आणि लाकूड ते लगेच भरून काढते. तरीही अनेक जण झाकण उघडायलाच घाबरतात. खरे नुकसान होते ते नीट न बसणाऱ्या झाकणाच्या फटीतून आणि तहानलेल्या लाकडामुळे.

आतले अस्तर बहुधा स्पॅनिश सीडरचे असते. मध्य व दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवर वाढणारा हा वृक्ष (सेड्रेला ओडोराटा) महोगनीच्या, म्हणजे आपल्या कडुनिंबाच्याच कुळातला आहे. त्याचे लाकूड ओल शोषते, पुन्हा सोडते, सहसा वाकत नाही, आणि त्याचा वास सिगारला मानवतो. नवी पेटी किंवा बरेच दिवस रिकामी पडलेली पेटी वापरण्यापूर्वी हे लाकूड मुरवून घ्यावे लागते. ओल्या फडक्याने आतून पुसण्याची जुनी पद्धत टाळलेली बरी: लाकडाचे तंतू उभे राहतात, फळ्या वाकड्या होतात, सांधे सुटतात. त्यापेक्षा ८४ टक्के आर्द्रता देणारी क्षारद्रावणाची पाकिटे रिकाम्या पेटीत ठेवून ती सुमारे दोन आठवडे बंद ठेवावी. हे काम हीटिंग सुरू होण्याआधी, ऑक्टोबरातच उरकावे. जानेवारीत तहानलेल्या पेटीत सिगार ठेवले, तर लाकूड स्वतःची तहान त्यांच्यावरच भागवते.

झाकणाची परीक्षाही तेव्हाच करावी. चांगल्या पेटीचे झाकण हलकेच सोडले की शेवटच्या बोटभर अंतरात मंदावते, कारण आतली हवा सहज बाहेर पडत नाही. अंधाऱ्या खोलीत पेटलेली विजेरी आत ठेवून झाकण लावावे. कडेने उजेडाची रेघ दिसली तर तिथून ओलही जाते. झाकणात नोट अडकवून ओढून पाहण्याचीही रीत आहे. पावसाळ्यात आपल्याकडे दार फुगून चौकटीत अडकते, त्याच्या बरोबर उलट हिवाळ्यात घडते: लाकूड आकसते आणि उन्हाळ्यात घट्ट बसणारे झाकण सैल होते. त्यामुळे ही परीक्षा एकदा करून भागत नाही. फट सापडलीच तर संपूर्ण पेटी मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवावी. ती शोभिवंत दिसत नाही, पण हमखास काम करते.

ओलावा पुरवण्याचे मार्ग अनेक आहेत. स्पंजसारखा पुरवठादार असेल तर त्यात डिस्टिल्ड पाणीच घालावे, कारण नळाच्या पाण्यातले क्षार त्याची छिद्रे बुजवतात. प्रॉपिलीन ग्लायकॉल (ओल धरून ठेवणारे द्रव रसायन) आणि डिस्टिल्ड पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास रोखते आणि बुरशीलाही आवर घालते. ग्लायकॉल उडून जात नाही, त्यामुळे पुढे बराच काळ नुसते पाणीच घालायचे असते; दर वेळी मिश्रण ओतले तर स्पंज चिकट होऊन निकामी होतो. हल्ली बोवेडासारख्या कंपन्यांची क्षारद्रावणाची पाकिटे जास्त चालतात. ती ओल सोडतात तशी शोषूनही घेतात. लाकडी पेटीसाठी ६९ किंवा ७२ टक्क्यांची, आणि पंचवीस सिगारच्या क्षमतेमागे ६० ग्रॅमचे एक पाकीट, असा हिशेब धरतात. हा हिशेब पेटी किती सिगारची आहे यावर करायचा, आत किती सिगार आहेत यावर नव्हे. पेटी अर्धी रिकामी म्हणून पाकिटे कमी ठेवली की हिवाळ्यात ती भराभर वाळून कडक होतात. दोन प्रकारची साधने एकाच पेटीत ठेवू नयेत. ती एकमेकांशीच झगडत बसतात.

झाकणात बसवलेल्या काट्याच्या आर्द्रतामापकावर विसंबू नये. डिजिटल मापक स्वस्त आहे, तोही तपासून घ्यावा. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन त्यावर पाण्याचे चार-दोन थेंब टाकावेत. मीठ ओलसर व्हावे, विरघळू नये. ते झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत एक दिवस राहू द्यावे. संपृक्त मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापकाने ७१ दाखवले तर पुढे त्याच्या प्रत्येक आकड्यात चार मिळवावेत.

पेटी रेडिएटरजवळ किंवा उन्हात ठेवू नये, तशी बाहेरच्या थंड भिंतीलाही टेकवू नये. एक बाजू गार राहिली की ओल तिकडे सरकते आणि त्याच कोपऱ्यात बुरशी येते. खोलीत ह्यूमिडिफायर लावून आर्द्रता ३५-४० टक्क्यांवर नेली तर पेटीवरचा ताण बराच कमी होतो. कडाक्याच्या थंडीत त्याहून वर गेल्यास खिडक्यांच्या काचांवर पाणी जमू लागते.

सुकलेले सिगार एकदम ओलसर पेटीत टाकू नयेत. आतली भरण फुगते आणि वेष्टन फाटते. आधी ६२, मग ६५, मग ६९ टक्के, प्रत्येक पायरीला काही आठवडे, असेच जावे लागते.

महाराष्ट्रात घरे तापवावी लागत नाहीत, त्यामुळे इथला हिवाळा सिगारला तितका जाचक नाही. विदर्भाचे एप्रिल-मे मात्र कोरडेपणात शिकागोच्या घरांची आठवण करून देतात, आणि वर उष्णतेमुळे तंबाखूतल्या किड्याची (लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने) अंडी उबण्याची धास्ती असते. मुंबईच्या जुलैत प्रश्न ओल शोषून घेण्याचा असतो.

थंड देशांतही वसंतात हीटिंग बंद झाले की हिवाळ्यासाठी वाढवलेली पाण्याची साधने काढून घ्यावीत. लाकूड तोवर भरलेले असते, आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर रेंगाळली तर बुरशीला वेळ लागत नाही.