दोन प्रतिपिंडांमधला पूल

पावसाळा सरत आला की शिंकांनी बेजार झालेल्या माणसाला ‘तुमची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे’ असे हमखास ऐकवले जाते आणि ती वाढवणारे एखादे चूर्णही सुचवले जाते. वास्तविक ॲलर्जीत प्रतिकारयंत्रणा दुबळी झालेली नसते. जंतांसारख्या परजीवींशी लढण्यासाठी असलेले हत्यार ती निरुपद्रवी परागकणावर उपसते. चूर्ण विकणाऱ्यांनी नेमकी कोणती शक्ती वाढवायची ठरवली आहे, हे त्यांनाच ठाऊक.

गाजर गवताचे उदाहरण घेऊ. मूळचे अमेरिका खंडातले हे तण 1950 च्या दशकात पुण्यात आढळले आणि पुढे देशभर पसरले. त्याचा परागकण प्रथम नाकात जातो तेव्हा काहीच जाणवत नाही. मात्र ओल्या अस्तरावर त्यातील प्रथिने विरघळतात आणि आनुवंशिक कल असलेल्या व्यक्तीच्या बी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे, म्हणजे ठरावीक परके प्रथिन ओळखून त्याला पकडणारी प्रथिने, बनवू लागतात. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी शास्त्रज्ञ दांपत्याने 1966 साली आयजीईचा शोध जाहीर केला, तोही गाजर गवताच्याच कुळातील रॅगवीडच्या परागांवर काम करताना, आणि चाचण्यांसाठी त्यांनी स्वतःची पाठ पुढे केली होती.

इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे हे प्रतिपिंड रक्तात दोन-तीन दिवसांत निम्मे होते, पण नाकाच्या अस्तरासारख्या ठिकाणी असणाऱ्या, रसायनांनी भरलेल्या मास्ट पेशीच्या पृष्ठभागावर बुडख्याने चिकटले की आठवडेच्या आठवडे टिकते. पुढच्या हंगामात एकाच प्रथिनाने शेजारच्या दोन प्रतिपिंडांना पकडून त्यांच्यात पूल बांधला, तरच पेशीला इशारा मिळतो. सुटे प्रतिपिंड पकडले गेल्याने काही घडत नाही. इशारा मिळताच पेशी काही मिनिटांत हिस्टामीन हे रसायन ओतते. त्याने चेतातंतू डिवचले जाऊन शिंका येतात आणि नाक वाहू लागते. त्याच पेशीतून निघालेली इतर रसायने इओसिनोफिल या दाह वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात, त्यामुळे काही तासांनी नाक पुन्हा चोंदते.

म्हणूनच हिस्टामीनरोधक गोळीने शिंका आवरतात, पण चोंदलेल्या नाकावर तिचा फारसा जोर चालत नाही; तिथे स्टेरॉइडचा नाकातील फवारा अधिक उपयोगी पडतो. तो रोज घ्यावा लागतो आणि पूर्ण गुण यायला कधी दोन आठवडेही लागतात. नाक झटकन मोकळे करणारे थेंब मात्र पाच दिवसांहून अधिक वापरल्यास नाक उलट अधिकच चोंदते. धाप लागत असेल किंवा छातीत घरघर होत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये.

गाजर गवत हाताळल्याने त्वचेवर उठणारी खाज बहुधा आयजीईमुळे नव्हे, तर टी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींमुळे होते आणि एक-दोन दिवसांनी दिसते, त्यामुळे तिचे कारण चटकन लक्षात येत नाही. हे गवत फुलण्याआधी, हातमोजे घालून उपटावे. ज्यांना त्याचा त्रास आहे त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.