जनावरांच्या प्रदर्शनात पहिल्यांदा जज व्हायचंय? अर्ज कुठे अडकतो ते आधी वाचा

दरवर्षी तेच होतं. तीस वर्षं गायी सांभाळलेला माणूस, जनावर नुसतं चालताना बघून मागचा डावा खूर दुखतोय हे सांगणारा, त्याचा अर्ज परत येतो आणि काल-परवा शिकून बाहेर पडलेल्या पोराचा पास होतो. मग लोक वशिला वशिला करतात. वशिला कुठेच नसतो असं मी म्हणणार नाही, पण जेवढे परत गेलेले अर्ज मी बघितलेत त्यातल्या बहुतेकांत जनावराची जाण कमी नव्हती, कागद कमी होता. आणि तोही एक ठरलेलाच कागद.

त्याआधी एक गोंधळ मिटवू. जजचं सरकारी लायसन्स वगैरे बहुतेक ठिकाणी नसतंच. ब्रीडची, म्हणजे जनावरांच्या त्या जातीची, असोसिएशन आपली एक यादी ठेवते, तिला पॅनल म्हणतात, आणि प्रदर्शन भरवणारे त्या यादीतून नाव उचलून बोलावणं पाठवतात. म्हणजे अर्ज करायचा असोसिएशनकडे, प्रदर्शनाच्या आयोजकाकडे नाही. लोक नेमकं उलटं करतात, आयोजक म्हणतो पॅनलवर आहात का, असोसिएशन म्हणते आधी अनुभव आणा, आणि माणूस मधल्यामधे लटकतो. छोट्या प्रदर्शनांना पॅनलवरचाच जज लागतो असं नाही, सुरुवात तिथूनच करायची असते, पण हे फॉर्मवर कोणी लिहीत नाही.

पात्रता साधी असते: सज्ञान असणं, मेंबरशिप चालू असणं आणि त्या ब्रीडमधे काही वर्षं काम केलेलं असणं. मेंबरशिपची फी मधे एक वर्ष राहिली असेल तर अर्जाच्या आधीच ऑफिसला विचारून घ्या, कारण काही ठिकाणी खंड पडला की वर्षं पहिल्यापासून मोजतात. पशुवैद्यकाची डिग्री सक्तीची नसते, आणि असली म्हणून परीक्षा माफही होत नाही. डॉक्टर एका जनावरात आजार शोधतो, जजला चार जनावरं एकमेकांशेजारी ठेवून क्रम लावायचा असतो, ही दोन वेगळी कामं आहेत.

आता तो कागद. फॉर्मवर त्याला सहायक जजचा अहवाल, प्रोबेशन रिपोर्ट, शिकाऊ नोंद असं काहीही म्हटलेलं असतं. अर्थ एकच, की तुम्ही एखाद्या पॅनलवरच्या जजबरोबर रिंगमधे, म्हणजे जनावरं फिरवतात त्या आखाड्यात, उभे राहिलात, स्वतःचा क्रम स्वतंत्र लावलात आणि त्या जजने तो तपासून सही केली. लोक याच्या जागी काय जोडतात माहितीये? फोटो. एका गृहस्थांनी अकरा फोटो जोडले होते, सगळ्यांत हातात ट्रॉफी आणि शेजारी गाय. त्यातून एवढंच सिद्ध होतं की तुमची गाय चांगली आहे. दुसरे जोडतात आयोजकाचं पत्र, "यांनी आमच्या प्रदर्शनात मोलाचं सहकार्य केलं". सहकार्य म्हणजे काय, खुर्च्या लावल्या की जनावरं तपासली? अर्ज तपासणाऱ्या समितीने काय समजायचं?

त्या अहवालात तारीख हवी, कुठले क्लास (एकत्र तपासायचे जनावरांचे गट) होते ते हवं, प्रत्येक क्लासमधे जनावरं किती, तुमचा क्रम काय, जजचा क्रम काय, फरक कुठे पडला आणि तुम्ही कारणं कशी सांगितलीत यावर जजचा शेरा आणि सही. क्रम जुळलाच पाहिजे असं नाही बरं का, फरक पडला आणि तुमचं कारण पटण्यासारखं होतं असा शेरा असेल तर तो उलट जास्त वजनदार. फक्त कृपा करून कोरा फॉर्म त्या दिवशी खिशात घेऊन जा आणि रिंगच्या बाहेर आल्या आल्या सही घ्या. जज संध्याकाळी गाडीत बसला की पुढचे दोन महिने तुम्ही फोन करत बसता आणि त्याला तुमचा क्लास आठवतही नसतो, त्याचीही चूक नाही.

मुदतीचं वाचन हा दुसरा खड्डा. शेवटची तारीख म्हणजे बहुतेक वेळा पोचायची तारीख, पाठवायची नाही. आणि तुमचा फॉर्म पोचून उपयोग नाही, ज्यांची नावं तुम्ही शिफारस म्हणून दिलीत त्यांची पत्रंसुद्धा तोवर पोचायला लागतात, ती ते थेट पाठवतात, त्यामुळे तुम्हाला कळतही नाही की एकाचं आलंच नाही. ऑफिस काही तुम्हाला कळवणार नाही, "अपूर्ण" असा शिक्का मारून ठेवून देईल. कळवायला एक फोन लागतो, पण असो. शिफारस देणाऱ्याला आठवडाभर आधी आठवण करा, लाजू नका. आणि समिती बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकदाच बसते, तेव्हा आजचा अर्ज हा पुढच्या सीझनसाठी असतो, येत्या महिन्यातल्या प्रदर्शनासाठी नाही.

हितसंबंधाचं घोषणापत्र. याला सगळे "लागू नाही" लिहून मोकळे होतात आणि इथेच पुढे नाव खराब होतं. तुम्ही कोणाला कालवड विकली, भावाचा कळप आहे, तुमच्या वळूचं सीमेन कुठे गेलं, कोणाची जनावरं प्रदर्शनासाठी तयार करून दिली, हे सगळं यात येतं. वीस वर्षं ब्रीडमधे आहात आणि कोणाशीच संबंध नाही हे कोणाला पटेल? नावं लिहिल्याने अर्ज बाद होत नाही, एवढंच होतं की त्या जनावरांच्या क्लासला तुम्हाला बसवत नाहीत. लपवलेलं मात्र रिंगच्या कडेला उभा असलेला कोणीतरी ओळखतोच.

परीक्षेत साधारण चार जनावरं समोर आणतात. चार जनावरांचे २४ क्रम होतात, त्यातला एक अधिकृत असतो. एक प्रचलित पद्धत ५० गुणांची आहे, तिच्यात शेजारशेजारच्या जोडीतला फरक आधीच आकड्यात ठरवून ठेवतात. समजा अधिकृत क्रम २-४-१-३ आणि फरक ३, ५, २. तुम्ही वरची जोडी उलटी लावलीत, ४-२-१-३, तर फक्त ३ गुण गेले, ४७ मिळाले. मधली जोडी उलटली तर ४५. पण अख्खा क्रमच उलटा लावलात तर सहाही जोड्या चुकतात, लांबच्या जोडीला मधले फरक बेरजेने लागतात (३+५+२+८+७+१०), ३५ गुण जातात आणि १५ वर याल. म्हणजे जिथे दोन जनावरं जवळजवळ सारखी आहेत तिथे घाम गाळू नका, फरक मोठा आहे ती जोडी आधी पक्की करा.

खरे लोक पडतात ते कारणं सांगताना. साधारण दोन मिनिटं, हातात कागद नसतो. "दोन नंबर छान गाय आहे, कास चांगली आहे" हे कारण नाही, हे कौतुक आहे. असं बोला: दोनला मी चारच्या वर ठेवली कारण तिची मागची कास जास्त उंच आणि रुंद जोडलेली आहे आणि कासेला मधून धरणारा बंध जास्त ठळक आहे, चार नंबर पाठीत सरळ आहे हे मला मान्य, पण तिची कास गुडघ्याच्या खाली उतरायला लागलीये. तुलना, आणि हरलेल्या जनावराचा गुण मान्य करणं, दोन्ही पाहिजे. आमच्या जुन्याजाणत्या लोकांना हे सगळं दिसतं पण तोंडाने सांगायची सवय नसते, सवय गोठ्यात एकट्याने मोठ्याने बोलून होते, गायींना काही वाटत नाही.

स्कोअरकार्ड पाठ करा, पण आपल्याच जनावराचं. अमेरिकेतल्या प्युअरब्रेड डेअरी कॅटल असोसिएशनच्या कार्डात दुधाळ गायीच्या कासेला ४०, डेअरी स्ट्रेंथला (दुधाळ ठेवण आणि ताकद) २५, मागचे पाय आणि खूर यांना २० आणि पुढचा भाग व क्षमता यांना १५ गुण आहेत. तिथल्याच दुधाळ शेळ्यांच्या असोसिएशनच्या कार्डात व्यालेल्या शेळीच्या कासेला ३५ आणि एकूण ठेवणीलाही ३५. गायीचे आकडे शेळीच्या परीक्षेत ठोकणारे असतात म्हणून सांगितलं. मेंढीत तर नुसतं बघून भागत नाही, लोकरीखाली हात घालून पाठ आणि पुठ्ठा चाचपायला लागतो, दातांचा जबडा जुळतो का ते बघायला लागतं. त्यामुळे एका जनावराचं पॅनल दुसऱ्याला चालेल असं धरू नका. मुलांच्या शोमनशिपच्या, म्हणजे जनावर रिंगमधे नीट सादर करण्याच्या, क्लासमधे तर जनावर नाही, ते धरणारं पोर जज करायचं असतं, आणि नवीन जज तिथेही सवयीने कासच बघत बसतो.

नाव यादीत आलं की पहिलं बोलावणं लेखी घ्या: कुठले क्लास, जनावरं अंदाजे किती, प्रवासखर्च कोणाचा. सगळं बोलण्यावर ठेवलं तर त्या दिवशी तीन क्लास म्हणता म्हणता सात होतात. आदल्या रात्री शेडमधे फिरायला जाऊ नका, ओळखीच्यांनी बोलावलं तरी. कॅटलॉग, म्हणजे कुठलं जनावर कोणाचं याची यादी, कोणी हातात दिला तर परत करा. तुमचं स्वतःचं जनावर त्या प्रदर्शनात असेल तर जायचंच नाही. आणि बूट घासून, जंतुनाशकात बुडवून जा, लाळ्या-खुरकूत एका गोठ्यातून दुसऱ्यात बुटाच्या तळव्यानेही जातो.

अर्ज परत आला तर कारण लेखी मागा. "निकषात बसत नाही" एवढंच आलं तर परत लिहा, कुठला निकष ते विचारा. आणि जुने सही केलेले अहवाल फेकू नका, काही समित्या ते दोन-तीन वर्षं धरतात, काही नाही, हे पहिल्याच पत्रात विचारून टाका.