हाक रात्रीची, खून दुपारचा

पुण्याचा शनिवारवाडा आज बाहेरून किल्ला दिसतो आणि आतून बाग आहे. तटाच्या आत हिरवळ, ताटवे, मधेमधे दगडी जोती. अमावास्येच्या रात्री इथे 'काका, मला वाचवा' अशी हाक ऐकू येते, असं पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. काही जण पौर्णिमेची रात्र सांगतात. तिथीवर एकमत नाहीच, आणि मूळ घटना यांपैकी एकाही तिथीला घडलेली नाही.

नारायणराव पेशव्यांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी, सोमवारी. तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, म्हणजे ऐन गणेशोत्सव. वेळ भर दुपारची. पेशवे जेमतेम अठरा वर्षांचे होते आणि गादीवर येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. चुलते रघुनाथराव याच वाड्यात नजरकैदेत होते. त्यांच्या बाजूच्या मंडळींनी गारद्यांशी, म्हणजे वाड्याच्या पहाऱ्यावरच्या भाडोत्री शिपायांशी, संधान बांधलं. पहाऱ्यावरचेच लोक फितल्यावर तटाचा आणि खिळे ठोकलेल्या दिल्ली दरवाजाचा काय उपयोग? थकलेल्या पगाराचा गलका करत सुमेरसिंग गारदी आणि त्याची माणसं आत शिरली. नारायणराव धावत चुलत्यांच्या दालनात गेले आणि त्यांना बिलगले. तुळाजी पवाराने त्यांना ओढून काढलं, गारद्यांनी वार केले. धन्याला वाचवायला अंगावर पडलेला चापाजी टिळेकर हा सेवकही तिथेच कापला गेला. त्याच्या नावाची हाक मात्र कोणी ऐकत नाही.

'ध चा मा' ही कथा याच प्रसंगाची. रघुनाथरावांच्या पत्रात 'धरावे' होतं, त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी ते 'मारावे' केलं, अशी समजूत. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी धरलं, हे इतिहासात पक्कं आहे. अक्षर कोणी बदललं, याला तसा आधार नाही. आनंदीबाईंचा दोष परंपरेने धरलेला. हाकेचे नेमके शब्दही परंपरेचेच. चुलत्यांच्या गळ्यात पडून जीव वाचवायची विनवणी घडली असणार, पण तीन शब्दांचं हे घोटीव वाक्य सांगता सांगता गुळगुळीत झालेलं वाटतं. एकोणिसाव्या शतकात मराठी रंगभूमीवर हा खून रंगवला जाई, तेव्हा अशा वाक्याला टाळी मिळणारच.

प्रेत वाड्याबाहेर नेलं तो जांभूळ दरवाजा पुढे नारायण दरवाजा म्हणून ओळखला जाऊ लागला. वाड्याच्या पाच दरवाजांपैकी दंतकथेचा खरा धागा इथे आहे, पण बहुतेक लोक दिल्ली दरवाजासमोरच कान देऊन उभे राहतात.

राहिला प्रश्न खोलीचा. 'कुठल्या खोलीत मारलं?' असं विचारणाऱ्याला दाखवायला खोलीच उरलेली नाही. वाड्याचे मजले विटांचे आणि सागवानी लाकडाचे होते. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेली आग सात दिवस धुमसत होती असं सांगतात. उरलं ते न जळणारं: तट, नऊ बुरूज, दरवाजे आणि जोती. त्यामुळे नारायणराव ज्या वाटेने धावले ती आज हिरवळीवर बोट दाखवून नक्की करता येत नाही.

मग ऐकू काय येतं? बाग संध्याकाळनंतर बंद होते. म्हणजे हाक ऐकल्याचं सांगणारा बहुधा तटाबाहेर असतो, आणि उंच दगडी भिंत आवाज परतवते. चौकातला गोंगाट रात्री उतरला की लांबची हाळी, मांजरांचं भांडण जवळून आल्यासारखं वाटतं. मांजराचं रडणं तर पोराच्या रडण्याशी हमखास मिळतं. त्यात ऐकणाऱ्याला वाक्य आधीच पाठ असतं.

गंमत म्हणजे याच वाड्यात पेशव्यांचा आणखी एक अकाली मृत्यू ओढवला. नारायणरावांचा मुलगा सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये वरच्या मजल्यावरून खाली कारंज्यावर पडला आणि दोन दिवसांनी गेला. उडी घेतली की तोल गेला, यावर अजून वाद आहे. बाप गेला त्या वयापेक्षा तो तेव्हा तीनच वर्षांनी मोठा. हजारी कारंज्याचं कमळ आजही बागेत दिसतं, लोक त्याच्याभोवती फोटो काढतात आणि नारायणरावांची खोली कुठे होती ते विचारतात.